पणजीत तीन दिवस आणि तीन संध्याकाळी: कॅसिनोकडे न फिरकता काय पाहावे?

मलप्रभाकाठ (खानापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. दिवाळीची गडबड ओसरल्यावर आम्ही घरची सात माणसे तीन रात्रींसाठी पणजीला जाणार आहोत. आईचे वय ७४ आहे. मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा यांचे दर्शन घेण्याची तिची इच्छा गेली चार वर्षे या ना त्या कारणाने राहून गेली आहे. सोबत मी, माझी पत्नी, थोरले बंधू, वहिनी, त्यांची बारावीत शिकणारी मुलगी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा असे सगळे आहोत.

विचारण्यामागचे कारण मोकळेपणाने लिहितो, कारण ते झाकून ठेवले तर मिळणारी उत्तरे आमच्या उपयोगाची नसतील. दादांना जुगाराचा नाद होता. गावच्या जत्रेत तीन पानांच्या डावापासून सुरू झालेला तो नाद पुढे पणजीच्या नदीतल्या जहाजांपर्यंत गेला. शुक्रवारी संध्याकाळी काम आहे असे सांगून चोर्ल्याच्या रस्त्याने उतरायचे आणि रविवारी रात्री कोणाशी न बोलता घरी येऊन झोपायचे, असे जवळजवळ अडीच वर्षे चालले. शेवटी वाटणीला आलेल्या शेतातला एक तुकडा विकावा लागला. गेले एकोणीस महिने त्यांनी पान हातात धरलेले नाही. हा प्रवास त्यांना घरी ठेवून करावा, असे आमचे आपसात ठरत असतानाच त्यांच्या कानावर ते गेले. ते आईसमोर मला म्हणाले, ‘आईला मंगेशी मी दाखवणार आहे. तुम्ही मला किती दिवस वळसा घालून जाणार?’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मला पणजीची फारशी माहिती नाही. पणजी म्हटले की नदीवरची ती दिव्यांनी उजळलेली जहाजेच माझ्या डोळ्यांपुढे येतात. दिवसा देवळे होतील, जुने गोवे होईल, पण संध्याकाळी सात ते रात्री अकरा हा वेळ सात माणसांनी कुठे आणि कसा घालवावा? मुक्काम कोणत्या भागात असावा? दादांना पहाऱ्यात ठेवल्यासारखे वाटू नये, ही माझी मुख्य काळजी आहे.

टिळकवाडीकर यांचे उत्तर

आपली काळजी समजली. मिरामारचा किनारा सायंकाळी कुटुंबासाठी चांगला आहे. पाण्यात फार आत न जाता वाळूत बसण्यासाठी ते योग्य ठिकाण आहे, आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधीही तिथेच आहे. मुलाला जहाजाचे आकर्षण असेल तर काही कॅसिनो जहाजांवर जेवण आणि नाचगाण्याचे कार्यक्रम असतात. न खेळताही तिथे संध्याकाळ काढता येते. आमच्या कचेरीतील काही जणांनी तसे केले होते. एकदा सर्वांनी मिळून जाऊन, जेवून परत आल्यास दादांच्या मनातली भीतीही जाईल, असे मला वाटते.

शहापूरची लेक (सध्या पणजी) यांचे उत्तर

माझे माहेर बेळगावात शहापूरला आहे आणि लग्नानंतर गेली बावीस वर्षे मी पणजीत राहते. आधी टिळकवाडीकरांच्या सूचनेविषयी लिहिते, कारण ती सद्भावनेने केलेली असली तरी या घराने ती मानू नये असे मला कळकळीने वाटते. या जहाजांवर जेवणाचे वेगळे आणि खेळाचे वेगळे असे तिकीट सहसा नसते. प्रवेशाच्या रकमेतच जेवण, करमणूक आणि खेळण्यासाठीची काही नाणी एकत्र बांधलेली असतात. म्हणजे ज्या माणसाने एकोणीस महिने पान हातात धरले नाही, त्याच्या हातात दारातच नाणी ठेवली जातील. शिवाय कॅसिनोत २१ वर्षांखालील व्यक्तीला खेळता येत नाही. तेव्हा बारावीतली मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा यांची संध्याकाळ तिथे कशी जाईल, याचाही विचार व्हावा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. बाहेरून येणाऱ्या माणसाला पणजी नदीकडून दिसते, कारण बस त्याला मांडवीच्या पुलापाशी आणून सोडते आणि जहाजांचे धक्के, त्यांच्या कचेऱ्या, त्यांचे झगझगीत फलक हे सारे दयानंद बांदोडकर मार्गाच्या काठानेच लागलेले आहे. त्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आलात की शहर बदलते. म्हणून मुक्काम नदीकाठी घेऊ नका. मळा, फोंतेन्हास किंवा आल्तिनोच्या टेकडीकडचा भाग पाहा. खोलीच्या खिडकीतून नदी दिसते अशी जाहिरात असेल तर तीच खोली आपण टाळावी. सायंकाळी धक्क्यावरून सुटणाऱ्या सहलीच्या बोटीही या वेळी नकोत. त्यांवर लोकनृत्ये होतात, कार्यक्रम निर्मळ असतो, पण ती बोट त्या जहाजांच्या शेजारूनच जाते.

संध्याकाळचा प्रश्न सोडवण्याची माझी पद्धत आपल्या बेताच्या बरोबर उलटी आहे. बेळगाव-खानापूरकडची आपली माणसे गोव्यात आली की देवदर्शन सकाळी उरकतात आणि संध्याकाळ मोकळी ठेवतात. आपण देवळे संध्याकाळी ठेवा. मंगेशी पणजीपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. सोमवारी रात्री मंगेशाची पालखी निघते. दिव्यांनी उजळलेला सात मजली दीपस्तंभ, तळीतले त्याचे प्रतिबिंब आणि पालखीपुढचे वाद्य हे एकदा पाहिले की आईंना सकाळच्या गर्दीतले दर्शन आठवणारही नाही. जवळच म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात कासवावर उभी असलेली उंच पितळी समई आहे, ती अवश्य पाहावी. या देवांची एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या सत्तेत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी आपापले देव रातोरात नदीपार अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात आणले. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून आणि म्हाळसा वेर्ण्याहून. एवढ्या जवळजवळ इतकी मोठी देवस्थाने का आहेत, याचे उत्तर त्यात आहे.

तीन रात्रींपैकी एक रात्र पणजीत न राहता देवस्थानाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या निवासात, काढता येते का, तेही विचारून पाहा. खोल्या साध्या असतात आणि देवस्थानाचे नियम पाळावे लागतात, म्हणून आधी फोन करून नक्की करावे लागेल. पण रात्रीची आरती झाल्यावर तिथे जी शांतता असते, ती आपल्या घराला या वेळी लाभावी असे वाटते.

दुसरी संध्याकाळ कांपालच्या कला अकादमीसाठी ठेवा. ही इमारत वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांची आहे आणि तिच्यातील मुख्य नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. मराठी नाटक, शास्त्रीय गायन, कोंकणी तियात्र यांपैकी त्या आठवड्यात काय आहे ते स्थानिक मराठी दैनिकांत सापडेल. तियात्र मिळाले तर सोडू नका. १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा प्रकार मध्येच येणाऱ्या गाण्यांमुळे, ज्यांना ‘कांतारां’ म्हणतात, आपल्या संगीत नाटकाची सवय असलेल्या माणसाला लगेच जवळचा वाटतो, आणि कोंकणी खानापूरकरांना नवी नाही. नाटक साडेनऊ-दहापर्यंत चालते, मग जेवण आणि झोप. म्हणजे आपण ज्या चार तासांची चिंता करता आहात, ते असे भरून निघतात.

सकाळ मात्र पणजीला द्या. साडेसहा-सातला फोंतेन्हासमधून चालायला निघा, तेव्हा सायकलवरचा पोदेर भोंगा वाजवत दारोदार पाव, उंडे आणि बांगडीसारखी काकणे विकत असतो. जुन्या घरांच्या काही खिडक्यांना अजून काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने दिसतील. त्या घरांत माणसे राहतात आणि दिवसभर दारात छायाचित्रे काढणाऱ्यांचा त्यांना त्रास होतो, एवढे लक्षात ठेवून हळू आवाजात फिरावे. तिथल्या सेंट सेबॅस्टियनच्या लहानशा चॅपेलमध्ये जो क्रूस आहे, तो पूर्वी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरील ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. एरवी ते मिटलेले किंवा झुकलेले दाखवतात. पुतणीला वाचनाची आवड असेल तर पाटो भागातील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात तासभर तिला सोडा. १८३२ मध्ये स्थापन झालेले हे ग्रंथालय देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे आणि मराठी विभागही चांगला आहे. आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांवर वास्को द गामाच्या सफरीवरील महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. ते पाहायला दहा मिनिटे पुरतात.

निपाणीचे निवृत्त शिक्षक यांचे उत्तर

ताईंनी शहराविषयी लिहिले, मी रस्त्याविषयी लिहितो. खानापूरच्या माणसाने गोव्याला जाताना एका घाटाने उतरावे आणि दुसऱ्याने चढावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, कारण खानापूर तालुक्यातल्या हलशीचा इतिहास त्या दोन्ही वाटांवर पसरलेला आहे.

जाताना जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असे उतरा. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. आपण आपल्या नावातच नदी धारण केली आहे, तेव्हा आईंना तिथे पाच मिनिटे थांबवाच. घाट उतरल्यावर साखळी आणि डिचोली लागते. डिचोलीजवळ नार्वे येथे सप्तकोटीश्वराचे देऊळ आहे. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. मूळ देवालय दिवाडी बेटावर होते, ते पोर्तुगीजांनी पाडले, आणि नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झाला. हेच कदंब आपल्या हलशीलाही राज्य करत होते; तिथले भूवराह नरसिंहाचे देऊळ आपल्या पुतणीने पाहिले असेलच. परतताना मोले येथून आत वळून तांबडी सुर्ला येथील महादेवाचे देऊळ पाहा आणि अनमोडच्या घाटाने लोंढ्याकडे चढा. तांबडी सुर्ल्याचे देऊळही कदंबकालीन आहे, पण गोव्यात सर्वत्र दिसणारा जांभा तिथे नाही. ते काळ्या बेसाल्टचे आहे, आणि अगदी रानात, ओढ्याच्या काठी असल्यामुळेच ते पाडापाडीतून वाचले असे मानतात. तिथे गाडीतळापासून थोडे चालावे लागते, परंतु चढ नाही.

आपल्या मुलाला आणखी एक गोष्ट सांगा. अनमोडच्या वाटेच्या जवळच कॅसलरॉक आहे. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात गोवामुक्तीचे एक गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. आरंभी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून ते रोज बोलत असत. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, त्यात आपल्या भागाचा हा असा वाटा आहे. पणजीच्या आझाद मैदानावर स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे. तिथे उभे राहून ही गोष्ट सांगितली तर मुलाच्या मनात पणजीचे दुसरे चित्र तयार होईल.

तारखा पुढे-मागे करता येत असतील, तर दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी येणारी त्रिपुरारी पौर्णिमा साधा. त्या रात्री साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या पात्रात सजवलेल्या होड्या उतरवतात. तो सोहळा मी दोनदा पाहिला आहे आणि अजून एकदा पाहायचा आहे.

मलप्रभाकाठ यांचा पुढील प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. देवळे संध्याकाळी ठेवण्याची कल्पना मला स्वतःला कधीच सुचली नसती. दोन गोष्टी विचारतो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या कुठे आहेत ते आधी कळले तर बरे. दुसरे असे की, दादांना नुसते बघत फिरण्याचा कंटाळा येतो, त्यांच्या हाताला काही काम लागते. त्यांच्याकडे कोणती जबाबदारी द्यावी?

शहापूरची लेक यांचे उत्तर

पायऱ्यांचे सांगते. पणजीच्या चर्चचा तो प्रसिद्ध नागमोडी पांढरा जिना आईंनी खालूनच पाहावा. रेईश मागूश किल्ल्याला चढ आहे. मारियो मिरांडा यांची चित्रे तिथे मांडलेली आहेत, त्यामुळे बाकीच्यांनी जावे आणि आईंसोबत एकाने थांबावे. जुने गोवे सपाट आहे. तिथल्या बॉम जेझू चर्चचे बांधकाम १६०५ मध्ये पूर्ण झाले. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तिथे आहेत, आणि गिलावा नसल्याने आपल्याकडच्या घरांत असतो तोच जांभा एवढ्या मोठ्या इमारतीत उघडा दिसतो.

दादांसाठी मला चोडण सुचते. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की पलीकडेच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. खारफुटीतून जाणारी पायवाट, खंड्या, बगळे आणि चिखलात उड्या मारणारे मासे हे सारे तिथे आहे, पण वनखात्याची होडी भरतीच्या वेळीच आत जाते. भरतीची वेळ शोधणे, त्यानुसार पहाटे सर्वांना उठवणे, फेरीबोटीत गाडी चढवणे आणि पोरांना पक्षी दाखवणे हे सगळे एका माणसाने अंगावर घेतले तरच तो बेत पार पडतो. ते काम दादांना द्या. नदी तीच आहे, पण तिथून ती जहाजे दिसत नाहीत.

चिकोडीचा एक वाचक यांचे उत्तर

मी इथे क्वचित लिहितो. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी जुगार सोडला, म्हणून तीन गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

पहिली गोष्ट पैशांची. दादांच्या खिशातून पैसे काढून घेऊ नका. त्यांनाच विचारा की, प्रवासाचा खर्च कोणाच्या फोनवरून करायचा. मी माझ्या पत्नीला स्वतःहून सांगितले होते की, गोव्यात असताना माझ्या फोनवरची पैसे पाठवण्याची सोय बंद कर आणि एटीएमचे कार्ड घरी ठेव. मी सांगितले म्हणून ते मला सोपे गेले. तिने मागितले असते तर मी भांडलो असतो.

दुसरी गोष्ट जत्रेची, आणि ती गुरुजींचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. सगळ्यांचे लक्ष नदीवरच्या दिव्यांकडे असते. पण दादांचा नाद जत्रेतून सुरू झाला, असे आपणच लिहिले आहे. गोव्यात कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि काही ठिकाणी रात्र चढल्यावर कडेला जुगाराचे पट मांडले जातात. माझ्या बाबतीत जहाजावर जाण्याची इच्छा दोन वर्षांत मावळली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात जमिनीवर अंथरलेला पट दिसला की मात्र अजून हात शिवशिवतात. तेव्हा पालखी पाहावी, होड्याही पाहाव्यात, पण देवाचे झाले की त्या गर्दीत रेंगाळू नये. कोणते दृश्य आपल्याला ओढते, हे दादांना एकट्यात विचारा. त्याचे उत्तर फक्त त्यांनाच ठाऊक असते.

तिसरी गोष्ट रात्रीची. मन फार अस्वस्थ झाले आणि घरच्यांशी बोलणे जमले नाही, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि विनामूल्य असते. क्रमांक त्यांच्या फोनमध्ये असू द्यावा, एवढेच.

मलप्रभाकाठ यांचा प्रतिसाद

काल रात्री मी ही सगळी चर्चा दादांना वाचायला दिली. आधी विचारले नाही याबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली, चिकोडीच्या दादांचे उत्तर दोनदा वाचले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आज सकाळी त्यांनी मळ्यात दोन रात्रींसाठी खोल्या घेतल्या, देवस्थानाच्या अग्रशाळेत फोन करून सोमवारची रात्र ठरवली, आणि भरतीचे वेळापत्रक माझ्या मुलाकडून शोधून घेतले. एटीएमचे कार्ड त्यांनी वहिनींकडे दिले. त्रिपुरारीचा बेत आम्ही या वर्षी करत नाही; आपल्याला गर्दीची रात्र नको, असे दादा स्वतःच म्हणाले.

एकच गोष्ट उरली आहे. नदीकाठच्या त्या रस्त्याने दिवसाउजेडी एकदा चालायचे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. आदिलशाही राजवाड्याच्या शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा गोमंतकीय संमोहनविद्येच्या आद्य अभ्यासकांपैकी एक मानला जातो. तो पुतळा मुलाला दाखवायची त्यांची इच्छा आहे. पण तिथून जहाजे समोरच दिसतात, म्हणून मी अडखळलो आहे.

चिकोडीचा एक वाचक यांचे उत्तर

जाऊ द्यावे. सकाळी आठच्या सुमारास जा, तेव्हा दिवे विझलेले असतात आणि जहाजे नुसती जहाजे दिसतात. आपण त्यांच्यासोबत जा, पण एक पाऊल मागे राहा आणि मुलाचा हात त्यांच्या हातात द्या. पुतळा पाहून झाला की त्याच पावली बेतीच्या फेरीबोटीत बसा. पलीकडे चहा घ्या आणि परत या.